अंगठ्याखालची खूण

रेल्वेच्या रुळाच्या पोटावर उठावाची अक्षरे असतात. फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या माणसांपैकी क्वचितच कुणाची नजर त्यांच्याकडे जाते, आणि गेली तरी तेलकट काजळीखालून ती वाचण्याची तसदी कुणी घेत नाही. भिलाईच्या रेल अँड स्ट्रक्चरल मिलमध्ये माझी ३८ वर्षे ती अक्षरे वाचण्यात गेली. रूळ मीटरमागे ५२ किलोचा की ६० किलोचा, पोलादाची प्रत कोणती, बनवणारा कोण, महिना कोणता, साल कोणते आणि रूळ कोणत्या दिशेने लाटला गेला हे दाखवणारा एक बाण, इतके सारे त्या एका ओळीत असते. ही ओळ रुळावर कुणी कोरत नाही. लाटण्याच्या रोलवरच ती उलटी कोरलेली असते आणि लालबुंद रूळ त्यातून सरकताना ती स्वतःच्या अंगावर उमटवून घेतो. शिवाय पोलाद भट्टीच्या ज्या खेपेतून आले, तिचा क्रमांक रूळ गरम असतानाच त्यावर ठोकला जातो. देशाच्या कुठल्याही कोपऱ्यात रूळ तडकला, तर त्या आकड्याचा माग काढत माणूस भिलाईच्या त्या खेपेपर्यंत येऊन पोचतो. आमच्या खात्यात खूण म्हणजे शोभा नव्हती, ती जबाबदारी होती. खुणेत लिहिले ते खरे, आणि जिथे खूण पटत नाही तो माल बाजूला काढायचा, एवढे साधे शास्त्र मी तारुण्यात शिकलो, आणि त्याच्याच बळावर नको तिथेही निवाडे देत राहिलो.

त्यातला एक निवाडा बाबांच्या क्लॅरिओनेटविषयीचा होता.

बाबांचे ते वाद्य १९७४ पासून पेटीत बंद होते. २०१० साली मी निवृत्त झालो, सेक्टरमधले क्वार्टर सोडून आम्ही नेहरूनगरला आलो, तेव्हा इतर सामानाबरोबर ती पेटीही आली आणि कपाटाच्या माथ्यावर जाऊन बसली. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, तिच्यावरची धूळ पुसली जाई. गेल्या पावसाळ्यात जुन्या वस्तूंचा व्यापार करणारे एक गृहस्थ मुंबईहून रायपूरला आले होते. आमच्याकडे "प्यारिसचे" वाद्य आहे हे त्यांच्या कानावर कुणी घातले कोण जाणे, पण एका दुपारी ते दारात उभे राहिले. त्यांनी पेटी उघडली, वाद्याच्या खालच्या तोंडावरची, म्हणजे कर्ण्यावरची अक्षरे पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. मला थोडा हुरूप येईल असा एक आकडा त्यांनी सांगितला आणि जाताना म्हणाले, "बाकीच्या भागांवरच्या खुणा नीट वाचून ठेवा. सगळीकडे एकच छाप निघाला तर भाव आणखी वाढेल." खुणा वाचणे हा माझा धंदाच होता. तरी ते वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण त्या वाद्यावरची एक खूण मी पूर्वी वाचली होती.

बाबांचे गाव भंडारा जिल्ह्यातले. गावाच्या कडेला आमची चार घरे, आणि चारही घरांत सनई, सूर, डफडे. लग्नघरी आमच्या माणसांनी पहाटेपासून मांडवाबाहेर बसून वाजवायचे, वरात वेशीपर्यंत पोचवायची आणि पंगती उठल्यावर जे उरेल ते पदरात घेऊन परतायचे, असा रिवाज होता. सनई शुभ होती, सनई वाजवणाऱ्याची सावली मात्र नव्हती. नागपूरकडे ब्रास बँड वाढले तेव्हा हा हिशेब थोडासा हलला. बँडवाल्याला गणवेश होता, टोपीला तुरा होता, आणि क्लॅरिओनेट हे साहेबाचे वाद्य असल्यामुळे ते वाजवणाऱ्याला निदान वरात चालू असेपर्यंत तरी कुणी जात विचारीत नसे. सनईवाल्याच्या बोटांना क्लॅरिओनेटची भोके परकी नव्हती. फुंकर वेगळी, पत्ती वेगळी, पण घसरत जाऊन सुराला भेटण्याची सवय तीच. मास्टर इब्राहिम यांच्या क्लॅरिओनेटवरील चित्रपटगीतांच्या तबकड्या पुढे हॉटेलांतून वाजू लागल्या तेव्हा बाबा रस्त्यात थांबून ऐकत आणि मग दिवसभर कुणाशी बोलत नसत, असे आई सांगे.

१९५७ साली बाबा भिलाईला आले. सोव्हिएत रशियाशी करार होऊन (तो २ फेब्रुवारी १९५५चा) इथल्या माळावर कारखाना उभा राहत होता आणि खोदाईपासून उभारणीपर्यंत हजारो हात हवे होते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हा त्या गर्दीत बाबा खलाशी म्हणून उभे होते. हजेरीपटावर ते अंगठा उमटवीत. पगाराच्या दिवशी शाईचा डाग घेऊन घरी येत आणि आई हात धुवायला राखुंडी पुढे करी. लग्नसराईत रजा टाकून, रात्रपाळी बदलून ते दुर्गच्या एका बँडमध्ये वाजवायला जात. त्यांच्या वाद्याच्या कर्ण्यावर "पॅरिस" असा शब्द होता. तो शब्द वाचता येणाऱ्या कुणी तरी एकदा मोठ्याने वाचला आणि तेव्हापासून बँडमध्ये त्यांचे नाव "प्यारिसवाले" पडले. न वाचता येणाऱ्या माणसाला वाचलेल्या शब्दाचे जे अप्रूप असते, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर लहानपणी पाहिले आहे. घरी आलेल्या माणसाला ते कर्णा काढून दाखवीत, अक्षरांवरून बोट फिरवीत, आणि म्हणत, "फ्रान्सचा आहे."

१९६६ साली दुर्गच्या एका लग्नात वरात निघायच्या आधी बँडमास्तराने चारचौघांत ते वाद्य त्यांच्या हातून घेतले, उलटे केले आणि मागच्या बाजूची एक बारीक खूण सगळ्यांना दाखवली. ती बाणाची होती. "हा सरकारी माल आहे. पलटणीतून पळवलेला." पैशांवरून त्या दोघांची आधी कुरबूर झाली होती, हे मला पुढे कळले. बाबांनी सांगून पाहिले की कामठीला लिलावात घेतले, बावीस रुपये दिले, कागदही होता. कागद गावाकडच्या घराच्या आढ्यात ठेवला होता आणि ते घर एका पावसाळ्यात बसले होते. ज्याला अक्षर येत नाही, त्याच्या हरवलेल्या कागदावर कोण विश्वास ठेवणार! त्या रात्री बाबा वरातीत वाजवून आले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या बँडमध्ये गेले नाहीत. नंतर ते गणेशोत्सवात मराठी मंडळींकडे वाजवीत आणि रविवारी दुपारी घरी, दार लोटून घेऊन.

मी १९७२ साली कारखान्यात लागलो. भांडारात एक माजी सैनिक होता. जुन्या, डिस्पोजलमधून आलेल्या दुर्बिणी आणि मोजणीची साधने त्याच्या ताब्यात असत. त्यांच्यावर तोच बाण पाहून मी त्याला विचारले. त्याने सांगितले की ही ब्रिटिश सरकारची मालकीखूण, शतकानुशतके चालत आलेली, आणि बाणाखाली इंग्रजी "आय" असेल तर हिंदुस्थान सरकारची. ज्याच्यावर ती आहे ते सरकारचे. मी घरी येऊन बाबा झोपलेले असताना वाद्य पाहिले. बाण होता, खाली "आय" होता, बाजूला साल होते : १९४३. बाणाच्या टोकापुढची जागा घासलेली, गुळगुळीत होती. जणू कुणी तरी पुढचे काही मुद्दाम पुसून टाकू पाहिले असावे. मी परीक्षक होतो, घासलेली जागा म्हणजे काय हे मला शिकवलेले होते.

दोन वर्षे मी गप्प राहिलो. मग कारखान्यात चोरीच्या काही तपासण्या सुरू झाल्या, क्वार्टरांची झडती होणार अशी बोलवा उठली. माझी नोकरी नवी होती, लग्न ठरत होते. एका रविवारी मी दार ढकलून आत गेलो आणि विचारले, "बाबा, हे सरकारी तर नाही ना? घरात ठेवणं बरं नव्हे."

बाबांनी पत्ती ओठांतून काढली. "तुले बी तसंच वाटते का?" एवढेच म्हणाले. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. त्यांनी वाद्याचे भाग सुटे केले, एकेका भागातून फडके ओढून काढले, कर्णा बनियनला पुसला आणि पेटी मिटली. १९९१ साली ते वारले. मधल्या १७ वर्षांत त्यांनी ती पेटी उघडल्याचे मला आठवत नाही. झडती काही झालीच नाही.

व्यापारी गेल्यावर मी चार दिवसांनी पेटी खाली उतरवली. पुण्याच्या भाच्याने लँगविल यांच्या सूचीच्या काही पानांच्या छायाप्रती पाठवल्या होत्या. हे लँगविल एडिनबरोचे हिशेबतपासनीस. फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या कारागिरांची सूची करण्याच्या नादी लागले आणि १९६० साली ती छापून मोकळे झाले. पुढे विल्यम वॉटरहाउस या बसूनवादकाने ती १९९३ साली नव्याने, कितीतरी वाढवून सिद्ध केली. आकडे तपासणाऱ्या माणसानेच हा उद्योग करावा याचे मला बरे वाटले. आमच्या जातकुळीचा माणूस.

क्लॅरिओनेटवरची खूण वाचण्याची रीत रुळाच्या खुणेहून फार निराळी नाही, फक्त ती फार नाजूक असते. तापवलेल्या शिक्क्याने लाकडात दाबलेली अक्षरे, कधी त्यांत सोनेरी रंग भरलेला. वापराने सोने जाते, मग कडा जातात, शेवटी एक खळगा राहतो. समोरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही. दिवा जमिनीलगत, आडवा धरावा लागतो. मग प्रत्येक खळग्याला सावली मिळते आणि अक्षरे वर येतात. खडूची बारीक पूड बोटाने चोळून वरची पुसून घेतली तर खोलगटात पांढरे राहते. तेही न जमले तर पातळ कागद ठेवून त्यावर मऊ पेन्सिल आडवी फिरवावी, शिलालेखाचा ठसा घेतात तशी. छाप एकाच जागी नसतो. चांगल्या घराण्याच्या वाद्यात बॅरल, वरचा जोड, खालचा जोड आणि कर्णा या चारही भागांवर तोच छाप असतो आणि दोन्ही जोडांवर सहसा एकच अनुक्रमांक. मुखनळी मात्र बहुधा परकीच निघते, कारण वाजवणारा ती आपल्या दातांच्या सोयीने बदलतो.

एवढे कळल्यावर माणसाला वाटते की आता खूण वाचली की कर्ता सापडला. माझीही तीच समजूत होती. ती मोडायला त्या छायाप्रतींनी आठ दिवस घेतले. रुळावरचे नाव बनवणाऱ्याचे असते, वाद्यावरचे नाव पुष्कळदा विकणाऱ्याचे. पॅरिस असे लिहिलेली असंख्य क्लॅरिओनेटे पॅरिसमध्ये जन्मलेलीच नाहीत. ती नॉर्मंडीतल्या ला कूतूर-बूसे या खेड्यात घडली. तिथे घरोघरी लाकूड कातणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या बासऱ्या, ओबो, क्लॅरिओनेट बनवीत, आणि राजधानीतले व्यापारी त्यावर आपले नाव व आपला पत्ता उमटवीत. लाफ्लर हे नाव फ्रेंच, दुकान लंडनचे. पुढे बूझी अँड हॉक्स या मोठ्या कंपनीने हेच नाव बाहेरून आणलेल्या स्वस्त वाद्यांवर घातले. सॅक्सनीतील मार्कनॉयकिर्शेन आणि सीमेपलीकडचे बोहेमियातील ग्रासलिट्स ही गावे तर साऱ्या जगाच्या बँडांना वाद्ये पुरवीत होती. कुणी फक्त चाव्या घडवायचे, कुणी फक्त भोके पाडायचे, आणि शेवटी ज्याने मागणी दिली त्याच्या नावाचा शिक्का. ज्याच्या हातांनी लाकूड कातले त्याचे नाव ना वाद्यावर, ना सूचीत.

या लबाडीला आळा घालायला कायदेही झाले. ब्रिटनने १८८७ साली मालावरील खोट्या खुणांविरुद्ध कायदा केला आणि हिंदुस्थानात १८८९ साली तसाच आला. त्यानंतर परदेशी मालावर देशाचे नाव घालणे आले, आणि आज वाद्याचे वय ठरवायला ते नावच उपयोगी पडते. ग्रासलिट्सच्या वाद्यावर चेकोस्लोव्हाकिया असेल तर ते १९१८ नंतरचे, कारण त्याआधी तो देशच नव्हता. १८४०च्या परंपरेचे कोलर्ट हे तिथले नामांकित घराणे. त्यांच्या खुणेत गाव म्हणून ग्रासलिट्सऐवजी पश्चिम जर्मनीतले विनेंडेन दिसले तर समजावे की दुसरे महायुद्ध संपले आहे, तिथल्या जर्मन रहिवाशांना बाहेर काढले गेले आहे, गाव आता क्रास्लित्से या चेक नावाने ओळखले जाते आणि तिथे अमाती नावाची सहकारी संस्था उभी आहे. एका शिक्क्यातले गावाचे नाव बदलते आणि त्यामागे हजारो माणसे बोचकी घेऊन चाललेली असतात. भिलाईत राहणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. इथे आमच्या गल्लीत आंध्रचे, केरळचे, बंगालचे, पंजाबचे लोक होते, आणि प्रत्येकाच्या घरी मागे सुटलेल्या गावाचे नाव घातलेली एखादी पितळी परात होती.

आपल्याकडचे मेरठ हे असेच गाव. जली कोठीच्या गल्ल्यांत मी एकदा एका लग्नाच्या निमित्ताने गेलो होतो. सैन्यातल्या बँडमध्ये काम केलेल्या नादिर अली यांनी १८८५ साली तिथे सुरू केलेली पेढी प्रसिद्धच आहे. देशभरच्या वरातींची पितळी वाद्ये त्या भागातून जातात. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला मी विचारले होते, की जुन्या वाद्याला नवा भाग बसवला तर त्यावर खूण कुणाची घालता? तो हसला. "ज्याने वाजवायचे त्याला सूर हवा असतो, साहेब. खूण विकताना लागते."

आता बाबांचे वाद्य. कर्ण्यावर आडव्या उजेडात "पॅरिस" स्वच्छ उमटले. त्याच्या वर अंडाकृती चौकटीचा थोडा भाग आणि एका नावाची शेवटची दोन-तीन अक्षरे. कर्णा लाकडाचा, आफ्रिकेतल्या त्या काळ्याशार, जड लाकडाचा, जे आपल्या शिसवीचेच भावंड आहे. परंतु वरचा आणि खालचा जोड लाकडाचे नव्हतेच! दुपारच्या उन्हात त्यांचा काळा रंग तपकिरी दिसला. सांध्याजवळ अंगठा जोरात घासून वास घेतला, तर गंधकाचा. कोक भट्टीजवळून आयुष्यभर गेलेल्या माणसाला तो वास ओळखायला वेळ लागत नाही. ते एबोनाइट होते, गंधक घालून कडक केलेले रबर. उष्ण देशांत लाकूड तडकते म्हणून लष्करी बँडांना एबोनाइटची वाद्ये देत. दोन्ही जोडांवर बूझी अँड हॉक्स, लंडन असा छाप, अनुक्रमांक एकच. बूझी आणि हॉक्स या दोन पेढ्या १९३० साली एक झाल्या, तेव्हा वाद्य त्यानंतरचे. चाव्यांची रचना जुनी, साधी. सहा कड्यांच्या बोएम पद्धतीची नव्हे. आपल्याकडचे बँडवाले कितीतरी काळ हीच साधी पद्धत धरून राहिले, आणि सनईवरून आलेल्या बोटांना ती का मानवली असेल हे मी बाबांच्या बोटांवरून सांगू शकतो. छापाखाली "एल पी" ही अक्षरे, म्हणजे खालची पट्टी. १९२९च्या सुमारास ब्रिटिश सैन्याने आपली जुनी उंच पट्टी सोडली, त्यानंतरच्या वाद्यांना हे शोभते. उंच पट्टीचे वाद्य बाबांच्या हाती आले असते तर ते बँडमधल्या इतरांशी कधीच जुळले नसते.

म्हणजे वाद्य विलायती पलटणीचे, आणि पॅरिस फक्त कर्ण्यापुरते. मूळ कर्णा फुटला असेल आणि कुणी मिस्त्रीने दुसऱ्या वाद्याचा बसवला असेल. सांध्यावर बुचाऐवजी दोरा गुंडाळून मेण लावलेले आहे, तो दोरा बाबांचा. ज्या शब्दाने त्यांना नाव दिले तो उसना होता. मला वाईट वाटले, पण खरे सांगायचे तर थोडी सुटकाही वाटली, कारण आता व्यापाऱ्याला काय सांगायचे ते ठरले होते.

बाणाकडे मी सर्वांत शेवटी वळलो. तो खालच्या जोडाच्या मागच्या बाजूला, उजव्या अंगठ्याच्या टेकणीखाली आहे. सगळे वाद्य त्या एका अंगठ्यावर तोललेले असते. दिवा आडवा धरला. बाण दिसला, "आय" दिसला, १९४३ दिसले. टोकापुढे तीच घासलेली जागा. १९७४ साली मी जिच्यावर निकाल दिला होता ती. कानशीने किंवा पॉलिश कागदाने घासले तर रेघा एका दिशेने जातात, हे मी शेकडो वेळा पाहिले होते आणि शेकडो वेळा लिहूनही दिले होते. भिंगाखाली तिथे एकही रेघ नव्हती. जागा उथळ वाटीसारखी, कडांकडे हळूहळू वर येणारी. पायरीचा दगड झिजतो तशी. मी वाद्य धरून पाहिले. माझा अंगठा नेमका तिथे बसला.

खडूची पूड चोळली, फुंकली. काही नाही. पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवली. तिसऱ्या वेळी, अगदी हलक्या हाताने, पहिल्या बाणाच्या टोकाला टोक लावून उलटा उभा असलेला दुसरा बाण कागदावर आला. त्याचा एक पंख पुरता गेला होता, पण टोक आणि दुसरा पंख निःसंशय होते.

ही खूण मला छायाप्रतींत आधीच भेटली होती आणि मी ती वाचून पुढे गेलो होतो. टोकाला टोक लावलेले दोन बाण म्हणजे सरकारने आपला हक्क सोडला, वस्तू सेवेतून काढून विकली. युद्ध संपल्यावर लष्कराचा जादा माल गाड्या भरभरून लिलावात निघाला. तंबू, बादल्या, बूट आणि त्यांच्या गर्दीत कुठे तरी क्लॅरिओनेटही. बाणापुढे बाण ठोकला की मालकी संपली. पावतीवर नाव असते, इथे नाव नाही. बावीस रुपये बाबांनीच मोजले हे हा कागद सिद्ध करीत नाही, असे कुणी म्हणेल तर परीक्षक म्हणून मला मान डोलवावी लागेल. पण पळवलेल्या वस्तूवर दुसरा बाण कोण ठोकतो? आणि तो पुसला होता तो वीस-पंचवीस वर्षे वाजवणाऱ्याच्या घामाने आणि अंगठ्याने. जितके अधिक वाजवले तितका पुरावा झिजत गेला. बँडमास्तराने वाद्य उलटे केले तेव्हा तो नाहीसा होत आलेला असावा, मी पाहिले तेव्हा डोळ्यांना दिसेनासा झालेला होता. मात्र ज्या हाताला आडवा दिवा धरणे रोजचे होते, त्याने त्या रात्री कंदील सरळ वरून धरला होता, हेही मला आठवते.

व्यापाऱ्याला मी फोनवर सांगितले की कर्णा फ्रेंच आहे, बाकीचे युद्धकाळातले एबोनाइट. ते म्हणाले, फक्त कर्णा द्याल का? मी नाही म्हणालो. त्यांनीही फार आग्रह केला नाही.

बँडमास्तर केव्हाच गेले. त्यांचा बँडही बसला. आता दुर्ग-भिलाईत वरातीपुढे धुमाल वाजते, बेंजो आणि पॅडचा तो गडगडाट खिडक्यांच्या काचा हलवतो, आणि त्यात क्लॅरिओनेटला जागा नाही. ठसा घेतलेला कागद कुणाला दाखवावा हा प्रश्न पडला. मुलगा हैदराबादला असतो. त्याने फोटो पाहून "वा" असे कळवले. शेवटी मी थोरल्या बहिणीला, बाईला, फोन केला. ती तुमसरला असते. वय ८० पार, कान मंद, त्यामुळे सगळे ओरडून सांगावे लागले. १९७४ साली मी बाबांना काय विचारले होते तेही सांगितले. ते आजवर मी कुणाला सांगितले नव्हते. तिचे लग्न १९५८ सालीच झालेले, दुर्गच्या लग्नातला प्रकार तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मला वाटले फोन कटला.

"कामठीले मी होती नं सोबत," ती म्हणाली. "सहा वर्साची असन. फाटकापाशी एवढी मोठी रांग. बाबानं मले खांद्यावर घेतलं होतं. एक गोरा साहेब टेबलावर बसून ठोकत होता, ठक् ठक्, सारख्या वस्तूंवर ठोकत होता. मी भेली त् बाबानं जिलेबी घेऊन देली." मग थोडी थांबून, "तू मले कधी विचारलंच नाई रे भाऊ," म्हणाली, आणि लगेच, जुन्या गोष्टीत फार वेळ राहण्याची सवय नसलेल्या माणसासारखे, तिने विचारले, "अजून वाजते का तो?"

गाद्या साऱ्या किड्यांनी खाल्ल्या आहेत, मी म्हणालो. नागपूरला एक जण नव्या बसवून देतो म्हणतात. दिवाळीनंतर जाईन.